वडसा बाजारातली भुतांची पेटी

हे एका ड्रेपरीबद्दल, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानाबद्दल. मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, लिहा खुशाल, पन दुकानाचं नाव नोका टाकू. सीझनमंदी फोन उचलाले हात रिकामा नसते." म्हणून नाव टाकत नाही. वडसा स्टेशनवर उतरून बाजाराकडे या, नाटक कंपन्यांचे बोर्ड दिसायला लागले की कोणत्याही पानठेल्यावर विचारा, भुतांची पेटी असलेली ड्रेपरी कोणती. पोहोचवून देतील.

झाडीपट्टीतल्या लोकांना वडसा सांगायची गरज नाही. कागदोपत्री देसाईगंज, नाटकाच्या दुनियेत वडसाच. दिवाळी झाली, धान कापून झालं की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा अशा चारही जिल्ह्यांतल्या मंडळांची माणसं इथे नाटक ठरवायला येतात. मंडईची जत्रा असो की बैलांचा शंकरपट, रात्री नाटक पाहिजेच. या कंपन्यांच्या जोडीने ड्रेपरीवाले जगतात. राजपार्टाचे शेले, इन्स्पेक्टरच्या वर्द्या, सावकाराचे कोट, विग, दाढ्या, तलवारी, सगळं भाड्याने.

मी गावात पंचवीस वर्षांपासून शिवणकाम करते. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत परकर-पोलकी. गावच्या मंडळाचा कपडेपट माझ्याकडे आहे. यंदा पोरांनी आपलंच नाटक बसवलं आणि त्यात एक भूतमहालाचा प्रवेश टाकला. नायक पडक्या वाड्यात शिरतो आणि जुन्या सिनेमांतली भुतं एकेक करून बाहेर येतात. हा प्रवेश माझ्याच आग्रहाने आला, कारण या सिनेमांवर माझा लहानपणापासून जीव आहे. रामसे बंधूंचा 1984 चा 'पुराना मंदिर' आमच्या गावात शारदेच्या उत्सवात व्हिडिओवर लागला होता. अजय अगरवाल यांचा सामरी राक्षस दिसला की आई माझ्या डोळ्यांवर पदर टाकायची आणि मी पदराच्या विणीतून बघायची. त्या माणसाची उंची आणि चेहऱ्याची हाडंच अशी, की पुढे महिनाभर मी रात्री अंगणात एकटी गेले नाही. लॉकडाऊनमध्ये मुलाच्या मोबाईलवर त्याहून जुने विलायती सिनेमे सापडले. मशीनवर बसल्या बसल्या बघितले. 1922 चा 'नोस्फेरातू' तर मुकाच आहे, भाषा येवो न येवो.

तर पेटी. ती खरोखरची पेटी आहे, पत्र्याची, लग्नात देतात तशी मोठी. मालक साठीच्या पुढचे, स्वतः कारागीर. त्यांनी झाकण उघडलं आणि सगळ्यात वरचा डगला दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरला. ड्रॅकुलाचा डगला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इतका विचार करून शिवलेला कपडा मी भाड्याच्या दुकानात कधी पाहिला नव्हता.

बाहेरून काळी मखमल. साटीन असतं तर हॅलोजनखाली चमकलं असतं आणि सगळी भीती गेली असती. मखमल उजेड पिऊन घेते, बघणाऱ्याला फक्त आकार दिसतो. आतून लाल साटीन, तेही जुन्या राजपार्टाच्या शेल्याचं, म्हणून त्याचा लाल भडक राहिला नाही, विटलेल्या रक्तासारखा झाला आहे. कळ्या घालून शिवलेला पूर्ण घेर. मी खालचा काठ चिमटीत धरला तर आत काहीतरी टणक लागलं. काठाच्या दुमडीत, वीतभर अंतराने, ढिवर लोक फेकजाळ्याला लावतात ती शिशाची मणकी टाकून शिवली होती. मालक म्हणाले, "वैनगंगेवरच्या ढिवराकडून घेतलो. वजनाबिगर डगला उडते, बाई. उडला का तो रेनकोट दिसते." त्यांनी तो खांद्यावर टाकून दुकानातल्या दुकानात एक गिरकी घेतली. कापड फिरलं आणि माणूस थांबल्यावर अर्ध्या क्षणाने थांबलं. तो अर्धा क्षण या डगल्याचा जीव आहे.

आणि कॉलर. उभी, कानाच्या वर जाणारी. बकरमचे दोन थर, मध्ये जुन्या एक्स-रेची फिल्म कापून घातलेली. मी विचारलं, एवढी उंच कशाला ठेवली? ते म्हणाले, फोटोत तशीच होती. मग मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. ही कॉलर मुळात सिनेमाची नाही, नाटकाची आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या कादंबरीवरून हॅमिल्टन डीन यांनी 1924 मध्ये इंग्लंडात नाटक केलं. त्यात ड्रॅकुला सगळ्यांच्या देखत नाहीसा व्हायचा. तो प्रेक्षकांकडे पाठ करायचा, दुसरी पात्रं त्याचा डगला धरायची आणि उंच कॉलरीमागे डोकं लपल्यामुळे तो खालच्या दारातून कधी सटकला हे कोणालाच दिसायचं नाही. डगला रिकामा हातात. म्हणजे आज जगभर जी कॉलर भुताची खूण समजतात, ती रंगमंचावरच्या हातचलाखीची सोय होती. बेला लुगोसी आधी ड्रॅकुलाचं काम नाटकात करत होते, तिथून 1931 च्या सिनेमात आले. त्या सिनेमात ते एकदाही सुळे दाखवत नाहीत. बघायचं, हळू बोलायचं, डगला सांभाळायचा, बस्स. 1956 मध्ये ते वारले तेव्हा घरच्यांनी त्यांना डगल्यासकट पुरलं.

हे ऐकून मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हनजे हे नाटकवाल्याचंच काम हाये ना जी." आणि भाडं कमी करायची गोष्ट मी काढायच्या आधीच त्यांनी अडीचशेचे दोनशे केले.

आम्ही तोच खेळ केला. आमच्या स्टेजला खाली दार कुठून असणार? मागचा काळा पडदा मधोमध फाडून दोन फाळे एकमेकांवर चढवले. माझा पुतण्या ड्रॅकुला. त्याने पाठ केली, दोघांनी डगला धरला, तो गुडघ्यात वाकून पडद्याच्या फटीतून मागे. तालमीत मात्र पंचाईत झाली. डगल्याचा गळ्याचा हुक गंजलेला होता, तो सुटेना आणि पोरगा पडद्यात अर्धा आत अर्धा बाहेर अडकला. मी हुक काढून मोठं टिचबटण लावलं. ही दुकानाची चूक आहे. मखमल एवढी जपली आणि दोन रुपयांचा हुक बदलला नाही. तुम्ही नेणार असाल तर गळा आधी तपासा. आमच्या खेळाच्या रात्री, साडेअकराच्या सुमारास, तो डगला दोन पोरांच्या हातात रिकामा लोंबला तेव्हा हजारेक माणसांच्या पेंडालमध्ये शेंगदाण्याच्या टरफलांचा आवाजसुद्धा थांबला होता. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. शिशाची मणकी एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज मला विंगेत ऐकू आला.

कपडा चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. घातल्यावर माणसाची चाल बदलते का? या कसोटीवर पेटीतली दुसरी अव्वल वस्तू म्हणजे राक्षसाचे बूट. मालकांच्या वहीत 'फ्रँकेस्टीन' लिहिलं आहे. मेरी शेली यांच्या 1818 च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे राक्षस बनवणाऱ्याचं नाव आहे, राक्षसाला नावच नाही. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले लोक त्याच नावाने मागतात. त्यांचंही बरोबर. बूट म्हणजे साधे गमबूट, तळाला टायरचे जाड तुकडे ठोकलेले. आमचा पैलवान पोरगा, एरवी तुरुतुरु चालणारा, ते घालून उभा राहिला आणि त्याला काहीही न शिकवता पाय ओढत, गुडघा न वाकवता चालायला लागला. 1931 च्या 'फ्रँकेन्स्टाइन' सिनेमात राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफ यांनाही असेच जाड तळाचे जड बूट दिले होते.

कोटाचं मात्र दुकानाने वाटोळं केलं आहे. चांगला काळा कोट, पण बाह्या पूर्ण, मनगट झाकणाऱ्या. मूळ सिनेमातल्या कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड होत्या, म्हणून हात लांब आणि मनगटं उघडीबोडकी दिसतात, दुसऱ्याच्या देहाला जोडल्यासारखी. मी कच्चा टाका घालून चार इंच आत दुमडल्या, खेळानंतर उसवून परत केल्या. सपाट डोक्याचा टोप कागदाच्या लगद्याचा आहे, हलका आणि नेटका. पण सोबत दिलेला रंग पोपटी हिरवा! तो लावू नका. जॅक पिअर्स या रंगभूषाकारांनी कार्लॉफ यांना हिरवट राखाडी रंग लावला तो काळ्या-पांढऱ्या फिल्मवर मढ्यासारखा फिकट उतरावा म्हणून. तो मेकअप चढवायला रोज तीन-चार तास लागायचे. कार्लॉफ यांनी तर तोंडातला दातांचा ब्रिज काढून ठेवला, एका बाजूचा गाल खोल जावा म्हणून. पापण्यांवर मेणही लावून घेतलं. आमच्या स्टेजवर रंगीत लाईट, तिथे पोपटी रंग म्हणजे पोळ्याचं सोंग. मी पिवळसर राखाडी कालवून लावला आणि डोळ्यांखाली काजळ बोटाने पुसून घेतलं.

ममीचा, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळून ठेवलेल्या मढ्याचा, पोशाख बरा आहे. मांजरपाट हाताने फाडलेलं, कात्रीने कापलेलं नाही, म्हणून कडा सुटून दोरे लोंबतात. पट्ट्या बनियन आणि नाडीच्या पायजम्यावर शिवून टाकल्या आहेत, त्यामुळे दहा मिनिटांत अंगावर चढतो आणि रात्रभर नाटक असल्यावर माणसाला बाहेर जाऊन येता येतं. ज्यांनी रात्रभर नाटक केलं आहे त्यांना या सोयीची किंमत कळेल. 1932 च्या 'द ममी'मध्ये कार्लॉफ यांना गुंडाळायला आठ तास गेले होते आणि पट्ट्यांमधली ममी दिसते ती फक्त सुरुवातीच्या प्रसंगात. पुढे सगळा सिनेमा ते झग्यात आणि गोंड्याच्या टोपीत आहेत, तरी लोकांच्या डोक्यात पट्ट्याच राहिल्या.

पेटीत 'नोस्फेरातू'चा पोशाख नव्हता. मी मोबाईलवर त्यातलं भूत झालेल्या मॅक्स श्रेक यांचं चित्र दाखवलं. टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांब नखं, आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला अंगाबरोबर घट्ट कोट, ज्यात हात अंगाला चिकटून राहतात. मालकांनी थोडा वेळ पाहिलं आणि आतल्या खोलीतून एक काळी शेरवानी आणली, जुन्या बारीक नटाच्या मापाची. वरून खालपर्यंत सगळी बटणं लावली, खांद्यातलं भरण काढलं आणि झालं काम. त्या सिनेमात जिन्यावर चढणारी सावली आहे ना, ती आम्ही एका जमिनीवर ठेवलेल्या लाईटने पांढऱ्या पडद्यावर पाडली. नखांचे हात सावलीत दीडपट लांब झाले. हा सिनेमा 'ड्रॅकुला' कादंबरीवरूनच, पण स्टोकर यांच्या बायकोची परवानगी न घेता बनवला होता, तिने दावा केला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, म्हणून माझ्यासारखीला शंभर वर्षांनी शिवणाच्या मशीनवर बसून बघायला मिळाला. ते आठवलं की मला अजूनही बरं वाटतं.

देशी भुतासाठी पांढरी साडी. 1964 च्या 'वह कौन थी'मध्ये पावसात उभ्या असलेल्या साधना यांनी ती साडी कायमची भुताची करून टाकली. मी नवी, परीटघडीची मागितली तर मालकांनी हातच मागे घेतला. "सफेद नोका नेऊ, बाई. लाईटखाली धुतलेलं दिसते. भूत काई धुतलेलं नसते." त्यांनी काढून दिली ती चहाच्या पाण्यात दोन रात्री भिजवलेली, काठाला मातीचा हात फिरवलेली. स्टेजवर ती हाडाच्या रंगाची दिसली. खेळानंतर शेजारची आजी मला म्हणाली, "माय वं, त्या बाईचा पदर पाहूनच मले थंडी भरली." फ्रँकेन्स्टाइनच्या वधूचा विगही छान आहे, 1935 च्या सिनेमात एल्सा लँचेस्टर यांचा होता तसा उभा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या नागमोडी पट्ट्या. धुतलेला मिळाला. बाकीचे विग मात्र मी नाकाला लावले आणि परत ठेवले.

रबरी मुखवटे घेऊ नका. हे मी ठामपणे सांगते. भिंतीवर आठ-दहा टांगलेत, पोरांची नजर आधी तिकडेच जाते. वास घाणेरडा, डोळ्यांची भोकं आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत, आतून घाम, श्वास कोंडतो. आमच्या एका पोराला तालमीत चक्कर आली. शिवाय आवाज बाहेर येत नाही आणि झाडीपट्टीच्या नाटकात संवाद शेवटच्या रांगेला ऐकू गेला नाही तर लोक ऐकून घेत नाहीत. पोरांना मुखवटाच हवा होता म्हणून मी त्यांना 1978 च्या 'हॅलोविन' सिनेमाची गोष्ट सांगितली. सिनेमा बनवणाऱ्यांकडे पैसा नव्हता, दुकानातून दोन डॉलरच्या आत 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि पांढरा रंग फासला. त्या कोऱ्या चेहऱ्याने जग घाबरलं. आम्ही जत्रेतला पातळ प्लास्टिकचा मुखवटा आणला, तोंडाची फट ब्लेडने वाढवली, पांढरा डिस्टेंपर मारला. वीस रुपयांत काम झालं. दुकानातले प्लास्टिकचे सुळेही भाड्याने देतात, ते तर कोणी तोंडात घालू नये.

आता पैशांचं. डगला 200, शेरवानी 150, पट्ट्या 200, राक्षसाचा कोट-बूट-टोप 250, विग 75, साडी 50. रात्रीचे 925, दोन रात्रींचे 1,850 रुपये. डिपॉझिट 1,000. दर वाजवी आहेत. वागणूक मालक असतील तर उत्तम. परत करायला गेलो तेव्हा ते बाहेरगावी होते आणि दुकानातल्या पोराने पट्ट्यांचा पोशाख फाटला म्हणून शंभर रुपये कापले. फाडलेल्या मांजरपाटाचाच पोशाख, त्यात नवं फाटलेलं त्याने कसं ओळखलं ते मला समजलं नाही. मला वाईट वाटलं, कारण मी दोन ठिकाणी उसवलेलं उलट शिवून दिलं होतं. पावतीही मिळत नाही, वहीत लिहितात तेवढंच. म्हणून नेतानाच प्रत्येक कपड्याचे मोबाईलवर फोटो काढा, मालकांसमोर. चार दिवसांनी मी फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुतण्या वडसाला गेला तेव्हा शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवले.

शंकरपटाच्या आठवड्यात जाल तर डगला मिळणार नाही, तो एकच आहे आणि कंपन्या आधी सांगून ठेवतात. दिवाळीच्या पाडव्यालाच निरोप द्या. दुसरा एक डगला ते पुढे करतात, साटीनचा, मणक्यांशिवाय. तो घेऊ नका.

मी मालकांना विचारून डगल्याच्या एका कळीचं आणि कॉलरीचं माप वर्तमानपत्रावर उतरवून आणलं आहे. मखमल नागपूरला इतवारीत बघणार आहे. मणकी ते देतो म्हणाले, अर्धा किलो बाजूला काढून ठेवली आहेत.